टांकसाळ गल्लीतल्या पायऱ्या

आमच्या स्वयंपाकघरातला ओटा भिंगरीच्या उंचीचा आहे. म्हणजे चाकाच्या खुर्चीत बसलेल्या माणसाच्या उंचीचा. मी त्याच्यापुढे वाकून भाजी चिरते आणि मग तासभर कंबर धरून बसते. कुणी पाहुणे आले की कौतुकानं म्हणतात, "किती विचार करून बांधलाय हो ओटा!" हो, विचार केलाय. माझा सोडून सगळ्यांचा.

भिंगरी माझी धाकटी बहीण. लहानपणी एका जागी टिकायची नाही म्हणून आईनं ठेवलेलं नाव. शाळेत असताना मोठा ताप आला, त्यात पाय गेले, नाव मात्र कुणी बदललं नाही. खुर्ची मिळेपर्यंत मी तिला पाठीवर घेऊन शाळेत नेत होते. दोघींची दप्तरं पुढे गळ्यात आणि ती मागे. वाटेत माझ्या कानात नाही नाही ते बडबडायची, आणि मी हसले की आम्ही दोघी डुगडुगायचो. आई भेटेल त्याला सांगायची, "तिची ताई आहे ना, मला काळजी नाही." मला कुणी विचारलं नव्हतं. पण ते ऐकायला मला आवडायचं, हेही खरं.

मी गाईड आहे, जुन्या शहराची. विशीत लागले, आता केस रंगवते. तट, बुरूज, राजवाडा, घड्याळाचा मनोरा, सगळं तोंडपाठ. माझी फेरी चढायची फेरी. मनोऱ्यावर नेते. वर पोचेपर्यंत माणसांच्या जिभा बाहेर आलेल्या असतात. तेव्हा मी कठड्यापाशी उभी राहून खाली पसरलेलं सगळं शहर दाखवते आणि म्हणते, "आता श्वास घ्यायला हरकत नाही." दर वेळी हशा पिकतो. हे वाक्य माझं आहे. बाकीच्यांनी उचललंय, पण माझं आहे.

भिंगरी पर्यटन कार्यालयात फोन घ्यायची. नोकरी मीच शब्द टाकून लावून दिली होती. लोक फोन करून विचारायचे, आमच्या वडिलांना चालवत नाही, खुर्चीतून काय काय बघता येईल? ठरलेलं उत्तर होतं, चौक बघता येईल आणि बाकीची पोस्टकार्डं मिळतात. एक दिवस हे उत्तर देऊन तिनं फोन ठेवला, खुर्ची वळवली आणि स्वतःच बाहेर पडली. संध्याकाळी घरी आली ती हात काळे करून, केसांत जळमटं घेऊन.

"ताई, राजे पायऱ्यांनी चढायचे गं. पण तोफा? धान्याची पोती? तेलाची पिंपं? ती काय पायऱ्या चढत होती? ती गाड्यांतून जायची. जिथून गाडा गेला तिथून मी जाणार."

आणि गेली की. कोठाराच्या मागचं दार, पागेतला उतार, तोफ चढवायला बुरुजाला घातलेला लांबलचक वळसा. आम्ही ज्याच्याकडे पाठ करून बोलत होतो, ते सगळं तिनं पुढे आणलं. मी मनात म्हटलं, मागची दारं बघायला कोण मरायला येतंय! तर आले. आधी खुर्चीतले आले, मग काठीवाले आले, आणि शेवटी धडधाकट, दोन्ही पाय शाबूत असलेली माणसं माझा मनोरा सोडून तिच्यामागून पागा बघत हिंडायला लागली. वर्तमानपत्रात फोटो आला. आईनं तो फ्रिजवर लावला. मी फ्रिजमधून दूध काढायला गेले की फोटोतली भिंगरी माझ्याकडे बघून हसायची.

एकदा मनोऱ्याच्या टोकावर, मी माझं ते वाक्य टाकायच्या बेतात असताना एका बाईनं विचारलं, "तुम्ही त्या खुर्चीवाल्या गाईडच्या बहीण का हो?" त्या दिवशी मी ते वाक्य बोललेच नाही. लोकांनी आपापल्या मनानं श्वास घेतला.

म्हणाल, बहिणीवर कसलं जळायचं, आणि तेही अशा बहिणीवर? मीही स्वतःला हेच विचारत होते. दोन पाय असलेल्या बाईनं पाय नसलेलीचा हेवा करायचा म्हणजे काय, कुणाला सांगायचीही सोय नाही. दुसऱ्या कुणाचा हेवा वाटला असता तर मैत्रिणीपाशी चार शिव्या तरी घालता आल्या असत्या. हा हेवा मला गिळून टाकावा लागायचा, आणि तो पचत नव्हता.

त्यात तिचा एक नियम. फेरीला आलेल्या खुर्चीतल्या माणसाला कुणी कधी उचलायचं नाही. रस्ता असेल तर जायचं, नसेल तर दुसरा शोधायचा. "आम्ही काय सामान आहोत?" असं ती सुरुवातीलाच सगळ्यांना हसत सांगायची, आणि लोक टाळ्या वाजवायचे. मी एकदा मागे उभी राहून ते ऐकलं. माझी पाठ त्या टाळ्यांत आपोआप ताठ झाली. म्हणजे इतकी वर्षं मी काय सामान वाहिलं होतं?

आणखी एक काटा म्हणजे जुळ्यांची आई. शेजारच्या इमारतीतली, तिशीची, बोलायला लागली की थांबायची नाही. जुळ्यांची ती रुंद बाबागाडी ढकलत दिवसभर गल्लीबोळ पालथे घालायची. भिंगरीची आणि तिची गट्टी जमली. "त्या बोळात बाबागाडी जाते का गं?" "जाते, पण गटारावरचं झाकण हलतंय." असं त्यांचं खिडकीतून चाले. नवीन वाट ठरवायची की आधी जुळ्यांची आई जाऊन बघणार, मग भिंगरी. त्याच शहरात जिचा जन्म गेला ती मी मागे ओट्यावर वाकून कांदा चिरत असायचे, आणि माझ्याकडे मान वळवून कुणी विचारायचं नाही.

अशात राजवाडा उघडायची वेळ आली. दुरुस्तीसाठी तो कित्येक वर्षं बंद होता. आमच्या धंद्यात एक रीत आहे. बंद पडलेली वास्तू पुन्हा उघडली की पहिली किल्ली सगळ्यांत जुन्या गाईडनं फिरवायची आणि पहिली तुकडी आत न्यायची. मग त्याचा फोटो गाईडांच्या खोलीत लागतो. माझ्या गुरूंचा फोटो तिथे आहे, मनोऱ्याची किल्ली हातात घेतलेला. त्याच्याखाली बसून मी रोज डबा खात आले. ते वारले, दुसरे निवृत्त झाले, आणि आता सगळ्यांत जुनी मी. राजवाड्याची किल्ली माझी, यात कुणाला शंका नव्हती. मी नवी चप्पलसुद्धा घेऊन ठेवली होती.

कार्यालयातल्या मोठ्या बाईंनी मला बोलावलं. त्या नेहमी वाईट बातमी देताना खुर्ची पुढे करतात. या वेळी चहाही मागवला.

"ताई, राजवाड्याला पहिल्यांदाच उताराचं दार केलंय. आम्हाला वाटतं, पहिली तुकडी त्या दारानं जावी. भिंगरीताईंची."

"रीत आहे आमची," मी म्हटलं.

"रीत आहेच. पण तुम्ही मोठं मन दाखवाल याची खात्री आहे. घरचीच तर आहे."

घरचीच आहे म्हणून तर! परकी असती तर मी टेबलावर हात आपटला असता. तिथे मी चहा प्यायले, छान झालं म्हटलं, आणि घरी येऊन आईला म्हणाले, "बसल्या जागी मिळालं तिला." आईनं असं बघितलं माझ्याकडे, की मी उरलेली संध्याकाळ भांडी घासण्यात काढली. त्यातली अर्धी आधीच घासलेली होती.

भिंगरी आत आली. तिला कळलं होतं. "ताई, मी नाही म्हणून सांगू का त्यांना?"

"कशाला? दान नको मला."

"दान काय त्यात?"

"तू नाही म्हणायचं आणि मी घ्यायचं, याला दुसरं काय म्हणतात?"

मलाच वाटत होतं की तिनं आणखी एकदा विचारावं. विचारलं नाही.

उद्घाटनाच्या आदल्या संध्याकाळी बातमी आली की कोठार गल्ली खणून ठेवलीय. पाण्याची नळी फुटली होती. उताराच्या दाराशी जायची भिंगरीची वाट तीच. दुसरी वाट टांकसाळ गल्लीची, तिथून ती कधी गेली नव्हती. तिसरी तटाच्या बाहेरून, लांबच लांब. सकाळी तिला पाहुण्यांना घ्यायला थेट बसथांब्यावर जायचं होतं, तेव्हा स्वतः बघून यायला सवड नव्हती. तिनं फोन उचलला.

"कुणाला करतेस?"

"जुळ्यांच्या आईला. पहाटे एक चक्कर मारून येईल ती."

इतके दिवस कोंडलेलं सगळं तिथे फुटलं. "जुळ्यांची आई! काल आलेली पोरगी ती! मी या शहरात उन्हातान्हात टाचा झिजवल्या, टांकसाळ गल्लीतून दिवसातून दोनदा जाते मी, आणि तू माझ्या समोर बसून बाबागाडीला फोन करतेस? मी मेले का? मला विचारायला तोंड दुखतं?"

आई दारात येऊन उभी राहिली. भिंगरीनं फोन मांडीवर ठेवला. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. मला आठवतंय, तिला बरं वाटल्यासारखं दिसलं, जणू 'मला विचार' असं मी म्हणायची ती वाटच बघत होती.

"बरं, तूच सांग. टांकसाळ गल्लीत पायऱ्या आहेत का?"

मी डोळ्यांपुढे गल्ली आणली. टांकसाळीची भिंत, पितळेच्या दिव्यांचं दुकान, घड्याळं दुरुस्त करणारा, कोपऱ्यावरची कमान. त्या भिंतीपाशी मी खोट्या नाण्यांची गोष्ट सांगते, ती तर मला झोपेतही येते.

"एकही पायरी नाही," मी म्हटलं. "लोण्यासारखी जाशील."

"मग झालं तर," ती म्हणाली, आणि जुळ्यांच्या आईला फोन केला नाही. त्या रात्री मला झोप छान लागली.

सकाळी राजवाड्यापुढे ही गर्दी. उताराच्या दारावर फीत नव्हती, नुसतं मोठं कुलूप होतं. पहारेकरी हातभर लांबीची किल्ली धरून उभा होता. मी माझी तुकडी घेऊन बाजूला थांबले होते, दुसऱ्या क्रमांकाची. नवी चप्पल चावत होती. ठरलेली वेळ झाली, टळली, फोटोवाले जांभया द्यायला लागले. मोठ्या बाई घड्याळ बघत होत्या. मग त्यांचा फोन वाजला, आणि फोनवर बोलता बोलता त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"टांकसाळ गल्लीत अडकलेत म्हणे. पायऱ्या आहेत."

"शक्यच नाही," मी म्हटलं, आणि धावले. गल्लीचं तोंड तिथून चार पावलांवर होतं.

कमानीखाली तीन पायऱ्या होत्या. मधोमध झिजून वाटीसारख्या झालेल्या, खूप जुन्या. खाली मी, वर पाच खुर्च्या. सगळ्यांत पुढे भिंगरी, पुढची चाकं अगदी काठावर. तिच्या मागे एक म्हातारे शिक्षक, मांडीवर टोपी ठेवून. तिथून त्यांना राजवाड्याचं दार दिसत होतं, गर्दी दिसत होती, पहारेकऱ्याच्या हातातली किल्लीसुद्धा दिसत होती.

मी त्या पायऱ्यांकडे बघत राहिले. आजच कुणी आणून ठेवल्या की काय, असं वाटलं मला. माझे पाय त्या इतक्या वेळा उतरले होते की त्यांनी मला कधी कळवलंच नव्हतं.

"पायऱ्या आहेत, ताई," भिंगरी म्हणाली. एवढंच.

मला सुचलं ते मी केलं. पायऱ्या चढून तिच्यापुढे गेले, पाठ केली आणि खाली बसले. "ये. धर मानेला. तुला खाली सोडते, मग खुर्ची आणते. मग यांनाही एकेक करून, चार माणसं बोलावते..."

मागून काहीच हालचाल झाली नाही. मी तशीच बसून राहिले, सगळ्या पाहुण्यांसमोर.

"ऊठ, ताई," ती हळू आवाजात म्हणाली. मग मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, हसून म्हणाली, "मंडळी, आपण तटाबाहेरून जाऊ. वाटेत तोफगोळ्यांचे ठसे दाखवते, ते कार्यक्रमात नव्हते." खुर्च्या एकेक करून वळायला लागल्या. अरुंद गल्लीत ते सोपं नव्हतं. शिक्षकांची टोपी पडली, ती मी उचलून दिली. त्यांनी मला धन्यवाद म्हटलं. भिंगरीनं वळता वळता मला सांगितलं, "लोक खोळंबलेत. किल्ली तू घे."

मी काय करायला हवं होतं? थांबायला हवं होतं, सगळे हेच म्हणतील. पण बाई बोलवत होत्या, फोटोवाले ओरडत होते, आणि ती किल्ली, जिच्यासाठी मी आयुष्य काढलं, ती हातात आली तेव्हा थंडगार आणि जड होती. मी फिरवली. कुलूप करकरलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? पोटभर आनंद झाला. दोन दालनं संपेपर्यंत तो टिकला. तिसऱ्या दालनात खिडकीतून खाली बघितलं तर तटाच्या कडेनं पाच खुर्च्या संथपणे येत होत्या, आणि त्यांचं हसणं वरपर्यंत ऐकू येत होतं. तेव्हाही माझ्या मनात पहिलं हेच आलं, की माझ्या तुकडीत तर कुणीच हसत नाहीये.

संध्याकाळी घरी आई मध्येच म्हणाली, "गल्ली काय तू बांधलीस?" आणि आत गेली. ती कुणाच्या बाजूनं बोलली ते मला अजून कळलेलं नाही. भिंगरी त्या बुटक्या ओट्यापाशी बसून चहा गाळत होती.

"मी मुद्दाम केलं नाही," मी म्हटलं.

"माहीत आहे."

"तुला वाटत असेल, किल्लीसाठी..."

"माहीत आहे गं. खोटं बोललीस की तू नाक खाजवतेस. काल नाही खाजवलंस."

"मग राग कसला धरलायस?"

तिनं गाळणं उलटं करून चोथा टाकला, गाळणं धुतलं, जागेवर ठेवलं. मग माझ्याकडे बघितलं.

"मुद्दाम केलं असतंस तर बरं झालं असतं, ताई. तिथे पायऱ्या आहेत हे निदान तुला ठाऊक होतं, असं तरी झालं असतं."

"म्हणजे मी दुष्ट निघाले असते तर चाललं असतं तुला?"

"चाललं असतं. भांडलो असतो आपण." तिनं माझा कप माझ्याकडे सरकवला. "मी तुझ्या घरात राहते. रोज तुझ्यासमोर असते. आणि तू त्या गल्लीतून दिवसातून दोनदा जातेस."

चहात साखर बरोबर होती. माझ्या चहात साखर किती लागते ते तिला कधी विचारावं लागत नाही.

माझा फोटो लागला गाईडांच्या खोलीत. गुरूंच्या शेजारी, हातात किल्ली, तोंडभर हसू. त्याच्याखाली बसून मी डबा खाते, म्हणजे खायचे. हल्ली बाहेर बाकावर बसते.

आणि मला पायऱ्या दिसायला लागल्या. पिठात किडे दिसायला लागले की मग दुसरं काही दिसत नाही, तसं. बँकेच्या दारात पायरी. औषधांच्या दुकानात पायरी. जिथे तिच्या चपला घेतो, होय, ती चपला घालते, हौसेनं, त्या दुकानात दोन. मनोऱ्यावर गोष्ट सांगता सांगता मी अडखळते. आईची भाजीची चाकांची पिशवी घेऊन मी बाहेर पडते आणि गल्ल्यांतून ओढत नेते. कुठे अडते, कुठे उडी मारते ते बघते. ओळखीचे विचारतात, एवढी भाजी रोज कुणाला लागते? मी म्हणते, घरात खाणारे फार. पिशवी रिकामीच असते.

परवा सकाळी मी आणि भिंगरी खिडकीपाशी वाटाणे सोलत बसलो होतो. परात तिच्या मांडीवर, शेंगा माझ्याकडे. आम्ही बोलतो, तसं काही नाही. हवापाण्याचं बोलतो, आईच्या गुडघ्यांचं बोलतो. खाली अंगणात जुळ्यांची आई बाबागाडी घेऊन आली. दोन्ही पोरं झोपलेली.

भिंगरी खिडकीतून वाकली. "अगं, सुतार गल्लीतून नवी फेरी काढायचा विचार आहे. पायऱ्या आहेत का तिथे?"

मी शेजारीच बसले होते. माझा गुडघा तिच्या चाकाला लागलेला होता.

"एक आहे," जुळ्यांची आई म्हणाली. "शिंप्याच्या दुकानापाशी. बाकी काही नाही."

मी आदल्याच दिवशी तिथून आले होते. पिशवीचं चाक तिथल्या दुसऱ्या पायरीला अडकून निखळलं होतं, ते अजून माझ्या पर्समध्ये होतं.

"दोन आहेत," मी म्हटलं. "एक शिंप्यापाशी. दुसरी पुढे, पाण्याच्या टाकीच्या वळणावर. छोटी आहे, पण आहे."

भिंगरीनं माझ्याकडे बघितलं. आधी डोळ्यांकडे, मग नाकाकडे. माझे दोन्ही हात शेंगांत होते.

"नक्की?"

"नक्की."

तिनं मान हलवली. परातीतले वाटाणे बोटांनी सारखे केले. मग पुन्हा खिडकीतून वाकली.

"तू एकदा बघून येशील का गं?" ती खाली म्हणाली.

"आत्ता येते की," म्हणत जुळ्यांची आई बाबागाडी वळवून निघालीसुद्धा. कोपऱ्यावर वळताना तिनं मागची चाकं अशी काही अलगद उचलली, की पोरांना जागही आली नाही. ती दिसेनाशी होईपर्यंत मी तिच्याकडे बघत होते. मग पुढची शेंग घेतली.